लाइट गेली-आली की घरचा डीव्हीआर बाहेरून दिसेनासा होतो: डायनॅमिक डीएनएसचा बिघाड नेमका कुठे असतो

तक्रार साधारण अशीच असते. कॅमेरे बसवले त्या दिवशी मोबाइलवर सगळं दिसत होतं, पंधरा-वीस दिवस सुरळीत चाललं, मग एका रात्री लाइट गेली आणि सकाळपासून बाहेरून काहीच उघडत नाही. घरच्या वायफायवर डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र, व्यवस्थित दिसतो. राउटर रीसेट केला, डीडीएनएसचं (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणाऱ्या डायनॅमिक डीएनएस सेवेचं) नवं खातं काढलं की दोन दिवस चालतं. पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दर वेळी दुरुस्ती डीडीएनएसच्या पानावर होते आणि बिघाड बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो, म्हणून तो परत परत येतो. डीडीएनएसचं काम खरं तर फार छोटं आहे. राउटरचं पीपीपीओई कनेक्शन (युजरनेम-पासवर्डने जुळणारं) तुटून पुन्हा जुळलं की इंटरनेट कंपनी त्याला बहुधा नवा आयपी पत्ता देते. राउटरमधला डीडीएनएस क्लायंट (पत्ता कळवणारा छोटा प्रोग्रॅम) हा नवा पत्ता सेवेला कळवतो आणि सेवा तो तुमच्या नावासमोर लिहून ठेवते. एवढंच. तो पोर्ट (राउटरमधलं क्रमांकाचं दार) उघडत नाही, डीव्हीआर कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं आणि कंपनीनेच तुम्हाला खासगी पत्ता दिला असेल तर त्यावर त्याच्याकडे काहीही उपाय नसतो. त्यामुळे राउटरात 'अपडेट यशस्वी' लिहिलेलं असूनही बाहेरून काहीच न उघडणं पूर्ण शक्य आहे.

आधी तीन आकडे कागदावर घ्या

काहीही बदलण्याआधी हे करा. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढचे दोन दिवस वाचतात.

पहिला आकडा राउटरच्या आतला. राउटरच्या पानावर लॉगिन करून स्टेटसमध्ये वॅन किंवा इंटरनेट या मथळ्याखालचा आयपी पत्ता लिहून घ्या. लॅनचा (घरातल्या बाजूचा) नव्हे, वॅनचा (बाहेरच्या बाजूचा).

दुसरा आकडा जगाला दिसणारा. घरच्या वायफायवरच्या फोनवरून किंवा लॅपटॉपवरून 'माझा आयपी' दाखवणारी कुठलीही साइट उघडा. त्या वेळी व्हीपीएन बंद हवा, आयफोनवर प्रायव्हेट रिले सुरू असेल तर तोही बंद करा, नाहीतर भलताच पत्ता दिसेल. साइट आयपीव्ही४ (चार आकड्यांचा जुना) आणि आयपीव्ही६ (लांबलचक नवा) असे दोन पत्ते दाखवत असेल तर सध्या फक्त आयपीव्ही४ घ्या.

तिसरा आकडा तुमच्या डीडीएनएस नावाचा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप लिहून एक जागा सोडा, तुमचं पूर्ण नाव लिहा, पुन्हा एक जागा सोडून १.१.१.१ लिहा. शेवटचा पत्ता मुद्दाम द्यायचा, म्हणजे उत्तर घरच्या राउटरच्या साठवणीतून न येता बाहेरच्या सर्व्हरकडून येतं.

समजा पहिला आणि दुसरा आकडा २०३.०.११३.४५ आहे आणि नाव मात्र २०३.०.११३.११२ सांगतंय. मग अपडेट जात नाहीये, आणि चूक खरोखरच डीडीएनएसमध्ये आहे. तिन्ही आकडे सारखे असतील तर डीडीएनएसला हात लावू नका, बिघाड पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (बाहेरची विनंती आतल्या यंत्राकडे वळवणाऱ्या नियमात) किंवा डीव्हीआरमध्ये आहे. पहिला आणि दुसरा वेगळे असतील तर तुमच्या राउटरच्या वर आणखी एक नॅट (अनेक यंत्रांना एका पत्त्यामागे बसवणारी व्यवस्था) बसलेलं आहे. तो प्रश्न सोडवल्याशिवाय नाव कितीही बरोबर असलं तरी उपयोग नाही.

पहिला आणि दुसरा जुळत नाहीत

आता पहिल्या आकड्याची सुरुवात पाहा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कुठल्या तरी आकड्याने सुरू होत असेल तर ते सीजीनॅट, म्हणजे कंपनीच्या पातळीवरचं नॅट, आहे. हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास कंपन्यांच्या या वापरासाठी राखून ठेवला गेला. आयपीव्ही४ चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि आशिया-पॅसिफिकला पत्ते वाटणाऱ्या एपनिककडे एप्रिल २०११ पासून शेवटचाच साठा उरला. तेव्हापासून कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. बाहेरून आलेली जोडणी त्या सार्वजनिक पत्त्यावर पोचते, पण तिथून कुठल्या घरी पाठवायची हे ठरवणारी यादी कंपनीच्या यंत्रात असते. तुमच्या राउटरात केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग तिथपर्यंत पोचतच नाही. वॅनचा पत्ता १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल तरी बहुतेक वेळा अर्थ हाच.

इथे एक घोटाळा होतो तो टाळा. टेलस्केल ही व्हीपीएन सेवाही आपल्या यंत्रांना याच १००.६४ च्या पट्ट्यातले पत्ते देते. संगणकावर १०० ने सुरू होणारा पत्ता दिसला म्हणून लगेच कंपनीशी भांडू नका. राउटरचं वॅन काय म्हणतंय ते महत्त्वाचं.

खात्री करायची असेल तर घरातून तुमच्याच दुसऱ्या आकड्यावर ट्रेसर्ट (वाटेतल्या पायऱ्या दाखवणारी कमांड) चालवा. पहिल्याच पायरीवर उत्तर संपलं तर पत्ता तुमच्या राउटरचा आहे. मध्ये आणखी पायऱ्या दिसल्या तर तो दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर आहे.

सीजीनॅट असेल तर डीडीएनएसच्या सेवा बदलत बसणं व्यर्थ आहे. कंपनीकडून स्टॅटिक (न बदलणारा) किंवा निदान सार्वजनिक आयपी मागून घ्या. बऱ्याच कंपन्या तो वेगळं शुल्क घेऊन देतात. फोनवर बोलताना 'स्टॅटिक आयपी' हाच शब्द वापरा, 'पोर्ट उघडून द्या' म्हटलं की संभाषण भरकटतं. दुसरा रस्ता म्हणजे बाहेरून आत येण्याऐवजी आतून बाहेर जाणारी जोडणी. टेलस्केल, झिरोटिअर आणि क्लाउडफ्लेअर टनेल ही तिन्ही याच तत्त्वावर चालतात, त्यामुळे सीजीनॅट त्यांना आड येत नाही. घरात कायम चालू राहणारं एक यंत्र लागतं, रास्पबेरी पाय किंवा जुना मिनी पीसीही पुरतो. तिसरा रस्ता आयपीव्ही६ चा. त्याच्या वेगळ्या अडचणी आहेत, त्या खाली लिहिल्या आहेत.

वॅनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर मात्र जीव भांड्यात पडू द्या, कारण वरचं नॅट बहुधा तुमच्या घरातच आहे. कंपनीचा ओएनटी (फायबर येतो तो डबा) स्वतः राउटर म्हणून चालतोय आणि त्याच्या मागे तुम्ही विकत घेतलेला राउटर लावलाय. अशा वेळी तुमचा राउटर डीडीएनएसला आपला वॅन पत्ता, म्हणजे १९२.१६८.१.५ असलं काहीतरी, कळवतो आणि सेवा बिचारी तोच लिहून ठेवते. असुसच्या राउटरवर अशा वेळी वॅनला खासगी पत्ता असल्याची सूचना दिसते. मिक्रोटिकच्या आयपी क्लाउडमध्येही राउटर नॅटच्या मागे असल्याचा इशारा येतो. बाकी अनेक राउटर गप्प राहतात.

चांगला उपाय ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकण्याचा, म्हणजे तो राउटरचं काम सोडतो. पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड आधी हातात घ्या, काही कंपन्यांच्या जोडणीत व्हीलॅनचा क्रमांकही लागतो, तोही विचारून ठेवा. मग ते सगळं आपल्या राउटरात भरा. ब्रिज करण्याआधी ओएनटीच्या वॅन पानाचे फोटो काढा. हे न केल्याने घरचं नेट दोन दिवस बंद राहिल्याची उदाहरणं भरपूर आहेत. ओएनटीला टेलिफोन जोडला असेल तर फोनची जोडणी वेगळ्या वॅनवर असते, तिला धक्का लावायचा नाही.

ब्रिज शक्य नसेल तर ओएनटीमध्ये डीएमझेड (बाहेरच्या सगळ्या विनंत्या एकाच यंत्राकडे पाठवणारी सोय) सुरू करून त्यात तुमच्या राउटरचा वॅन पत्ता द्या, आणि तो पत्ता ओएनटीत राखीव करा. दोन्हींचा लॅन १९२.१६८.१ असाच असेल तर तुमच्या राउटरचा बदलून १९२.१६८.१०.१ करा, नाहीतर दोन्ही बाजूंना एकच पट्टा असल्याने राउटर गोंधळतो. डीडीएनएस क्लायंटमध्ये पत्ता कुठून घ्यायचा याचा पर्याय असेल तर तो 'बाहेरून तपासा' असा ठेवा. असुसमध्ये तो 'एक्स्टर्नल' नावाने आहे, ओपनडब्ल्यूआरटी या मोफत राउटर-फर्मवेअरमध्ये आयपीचा स्रोत 'वेब' करायचा.

पत्ता बदलला, नाव मात्र जुनंच

लाइटशी जोडलेला खरा बिघाड इथे असतो. लाइट आल्यावर काय होतं ते क्रमाने पाहा. राउटर अर्ध्या-एक मिनिटात उठतो. ओएनटीला फायबरवर नोंद करून स्थिर व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. राउटरचा डीडीएनएस क्लायंट उठल्या उठल्या पहिला प्रयत्न करतो, नेट नसल्याने तो फसतो, आणि स्वस्त फर्मवेअरमध्ये पुढचा प्रयत्न बराच उशिरा होतो किंवा होतच नाही. भरीस भर म्हणजे वीज अचानक गेल्याने कंपनीच्या बाजूला तुमचं जुनं सेशन काही मिनिटं तसंच उघडं राहतं. तोवर नवं लॉगिन नाकारलं जाऊ शकतं.

दुसरं कारण घड्याळाचं. घरगुती राउटरांमध्ये बहुधा बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज आली की त्यांची तारीख १ जानेवारी १९७० किंवा फर्मवेअर तयार झाला तो दिवस. डीडीएनएसची सेवा एचटीटीपीएसवरून बोलते. राउटर तिचं प्रमाणपत्र तपासतो आणि त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून तो जोडणी तोडतो. सिस्टम लॉग उघडून पाहा. वरच्या ओळींवर १९७० ची तारीख, त्याच ओळींत डीडीएनएसचं अपयश, आणि काही ओळी खाली एकदम आजची तारीख, असं दिसलं तर रोग सापडला. एनटीपीचे (घड्याळ जुळवणारे) दोन-तीन सर्व्हर भरा, टाइमझोन भारतीय वेळेचा, म्हणजे अधिक साडेपाच तास, ठेवा आणि राउटरला डीएनएस म्हणून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ द्या, कारण एनटीपीचं नाव शोधायलाही डीएनएस लागतं.

क्लायंटच्या वेळा अशा ठेवा: पत्ता बदलला का हे दर ५ ते १० मिनिटांनी तपासायचं, बदलला तरच सेवेला कळवायचं, आणि बदलला नसला तरी काही दिवसांतून एकदा सक्तीने कळवायचं. ओपनडब्ल्यूआरटीत मूळचीच तपासणी १० मिनिटांची आणि सक्तीचं अपडेट ७२ तासांचं असतं, ते तसंच राहू द्या. मिक्रोटिक दर ६० सेकंदांनी तपासतो. काही जण घाईने दर मिनिटाला सक्तीचं अपडेट लावतात. असं केलं की सेवा खातं अडवते, आणि मग उत्तरात 'अब्यूज' येतं.

लॉगमध्ये सेवेचं उत्तर दिसत असेल तर तेच सगळं सांगतं. जुन्या डिनडीएनएसच्या पद्धतीने चालणाऱ्या सेवांत 'गुड' म्हणजे पत्ता बदलला, 'नोचेंज' म्हणजे आधीचाच आहे, 'बॅडऑथ' म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकला, 'नोहोस्ट' म्हणजे हे नाव या खात्यात नाही, 'नॉटएफक्यूडीएन' म्हणजे नाव अर्धवट लिहिलंय, शेवटचा भाग राहिला. '९११' आलं तर अडचण सेवेच्या बाजूला आहे, निदान अर्धा तास थांबा. डकडीएनएस फक्त 'ओके' किंवा 'केओ' म्हणतं. 'केओ' आलं की टोकन नाही तर नाव चुकलेलं असतं, आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे नावाच्या रकान्यात पूर्ण पत्ता भरणं. अपडेटच्या दुव्यात फक्त पुढचा भाग हवा. तिथे आयपीची जागा रिकामी सोडली की विनंती ज्या पत्त्यावरून आली तोच घेतला जातो, दुहेरी नॅटमध्ये हे फार उपयोगी पडतं.

'बॅडऑथ' वारंवार येत असेल तर पासवर्डमध्ये ॲट, अँपरसँड किंवा हॅश आहे का पाहा. दुव्यात घातल्यावर या चिन्हांचा अर्थ बदलतो. शक्य असेल तिथे खात्याचा पासवर्ड राउटरात भरूच नका, सेवेने दिलेली वेगळी की किंवा टोकन वापरा. क्लाउडफ्लेअर असेल तर फक्त त्या एका झोनचा (डोमेनचा) डीएनएस बदलण्याचा अधिकार असलेलं टोकन बनवा. राउटर कधी कुणाच्या हाती गेला तरी सगळं खातं जात नाही.

एक कारण शोधायला फार वेळ लागतो, म्हणून ठळकपणे लिहितो: एकाच नावाला दोन ठिकाणांहून अपडेट जाणं. राउटरात डीडीएनएस भरलंय, डीव्हीआर लावणाऱ्याने डीव्हीआरमध्येही तेच भरलंय, आणि कधीकाळी लॅपटॉपवर टाकलेला नो-आयपीचा क्लायंट अजून चालू आहे. लॅपटॉप ऑफिसला नेला की तो इमानदारीने ऑफिसचा पत्ता कळवतो, आणि घरचं नाव ऑफिसकडे बोट दाखवतं. संध्याकाळी घरी परतल्यावर सगळं आपोआप बरं होतं. 'दिवसा बंद, रात्री चालू' अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा. अपडेट कुठून करायचं ती जागा एकच ठरवा, शक्यतो राउटर, आणि बाकी सगळीकडचं बंद करा.

महिनाभराने बंद पडत असेल तर लाइटचा संबंध नाही. नो-आयपीचं मोफत नाव दर ३० दिवसांनी पक्कं करावं लागतं, ईमेलमधला दुवा दाबला नाही की ते जातं. जुन्या राउटरांच्या यादीत डिनडीएनएस अजून दिसतं, पण त्यांची मोफत सेवा मे २०१४ मध्येच बंद झाली. राउटरच्या यादीतली एकही सेवा चालत नसेल तर राउटरचा हट्ट सोडा आणि घरातल्या रास्पबेरी पाय किंवा नॅसवर (फाइली साठवणाऱ्या यंत्रावर) डीडीक्लायंट किंवा इनॅडिन हा अपडेट करणारा प्रोग्रॅम टाका. टीपी-लिंक आणि असुस स्वतःचं मोफत डीडीएनएस देतात. राउटर त्या कंपनीचा असेल तर तेच सर्वांत कमी कटकटीचं.

क्लाउडफ्लेअर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नावापुढचा नारिंगी ढग (सगळी ये-जा क्लाउडफ्लेअरमधून वळवणारी खूण) चालू असेल तर एनएसलुकअपला तुमचा पत्ता न येता क्लाउडफ्लेअरचा येतो, म्हणजे वरची तीन आकड्यांची तपासणीच फसते. शिवाय त्या ढगातून ८०, ४४३, ८०८०, ८४४३ असे ठरावीक वेब पोर्टच जातात. डीव्हीआरचा ८००० किंवा वायरगार्ड या व्हीपीएनचा ५१८२० जात नाही. ढग करडा करा.

तिन्ही आकडे जुळतात, तरी दार उघडत नाही

सर्वांत आधी फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासा. घरच्या वायफायवरून स्वतःच्याच बाहेरच्या नावाने आत यायला राउटरात हेअरपिन नॅट लागतं, आणि ते प्रत्येक राउटरात नसतं. घरातून उघडत नाही आणि बाहेरून उघडतं, तर काहीही बिघडलेलं नाही.

मग डीव्हीआरचा आतला पत्ता पाहा. लाइट आल्यावर टीव्ही, फोन, डीव्हीआर वेगळ्याच क्रमाने उठतात, डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारी राउटरची सोय) ज्याला जमेल तो पत्ता देतो, आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम काल डीव्हीआर असलेल्या पत्त्याकडे, म्हणजे आज टीव्हीकडे, बोट दाखवत राहतो. 'लाइट गेली की बंद' या तक्रारीमागे हे कारण अपडेटच्या बिघाडाइतकंच नेहमीचं आहे. डीव्हीआरच्या मॅक पत्त्यावर (यंत्राच्या ओळख क्रमांकावर) डीएचसीपी राखीव करा, समजा १९२.१६८.१०.२०. काही राउटरांना राखीव पत्ता वाटपाच्या पट्ट्याच्या आत लागतो, काहींना बाहेर. जतन होत नसेल तर दुसरीकडे करून पाहा.

डीव्हीआरमध्ये पत्ता हाताने भरलेला असेल तर त्यातला गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता, तपासा. राउटरचा लॅन १९२.१६८.१.१ वरून १९२.१६८.१०.१ केला आणि डीव्हीआरचा पत्ताच फक्त बदलला, गेटवे जुना राहिला, तर घरात सगळं दिसतं आणि बाहेरून काही नाही. बाहेरून आलेली विनंती डीव्हीआरपर्यंत पोचते, उत्तर परत पाठवायला त्याला रस्ताच माहीत नसतो.

पोर्टचे क्रमांक यंत्राप्रमाणे असतात: हिकव्हिजनच्या ॲपसाठी मूळचा ८०००, दाहुआसाठी ३७७७७, आरटीएसपीचा (थेट चित्राचा) ५५४. राउटरचं स्वतःचं रिमोट व्यवस्थापन ८० किंवा ८०८० वर चालू असेल तर डीव्हीआरऐवजी राउटरचं पान उघडतं. ते रिमोट व्यवस्थापन तसंही बंदच असायला हवं. यूपीएनपीने डीव्हीआरने आपणहून उघडलेला पोर्ट आणि तुम्ही हाताने लिहिलेला नियम एकमेकांना आड येतात, म्हणून यूपीएनपीही बंद. पोर्ट तपासणाऱ्या साइटवर 'बंद' दिसलं तरी आधी पाहा की आत ते यंत्र खरंच चालू आहे ना, ऐकणारं कुणी नसेल तर बरोबर फॉरवर्ड केलेला पोर्टही बंदच दिसतो. यूडीपी पोर्ट या साइटना तपासताच येत नाही, त्यामुळे वायरगार्डसाठी त्यांचं मत धरू नका.

मोबाइल डेटावर बंद, ऑफिसच्या वायफायवर चालू

हे लक्षण जवळजवळ नेहमी आयपीव्ही६ चं. जिओचं मोबाइल जाळं आयपीव्ही६ वर उभं आहे, आणि नावाला आयपीव्ही६ ची, म्हणजे क्वाड-ए, नोंद असेल तर फोन आधी तीच धरतो. नोंद जुनी असेल तर फोन तिथेच धडपडत राहतो. ऑफिसच्या आयपीव्ही४ वायफायवर मात्र ए नोंद (आयपीव्ही४ ची) वापरली जाते आणि सगळं चालतं. एनएसलुकअपमध्ये लांबलचक कोलनवाला पत्ता दिसतोय का पाहा. आयपीव्ही६ मुद्दाम वापरत नसाल तर ती नोंद काढून टाका.

मुद्दाम वापरायचं असेल तर दोन गोष्टी वेगळ्या आहेत. इथे नॅट नसल्याने नावासमोर राउटरचा पत्ता देऊन चालत नाही, ज्या यंत्राकडे जायचं त्याचाच पत्ता हवा, आणि अपडेट त्या यंत्रावरूनच व्हायला हवं. आणि पोर्ट फॉरवर्डिंगच्या जागी राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या यंत्रासाठी तेवढाच पोर्ट मोकळा करायचा. यंत्राला तात्पुरते बदलणारे पत्तेही मिळतात, ते नव्हे, स्थिर पत्ता नोंदवायचा. कंपनीने पत्त्याचा सुरुवातीचा भाग बदलला की हा पत्ताही बदलतो, म्हणून आयपीव्ही६ असलं तरी डीडीएनएस लागतंच.

नीट लावायचंच असेल तर

डीव्हीआरचा पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडा ठेवू नका, हे कळकळीने सांगतो. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी मिराई नावाच्या बॉटनेटने (ताबा घेतलेल्या यंत्रांच्या टोळीने) जो मोठा हल्ला केला, त्यात कारखान्याचे पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआरच वापरले गेले होते. आणि हल्ला झाला तो डिनवर, म्हणजे डायनॅमिक डीएनएस घरोघरी पोचवणाऱ्या कंपनीवर. गावाकडच्या घरात आई-वडील एकटे राहतात म्हणून कॅमेरे लावायचे, आणि तेच कॅमेरे अनोळखी माणसांना उघडे ठेवायचे, हे होऊ देऊ नका.

राउटरात किंवा रास्पबेरी पायवर वायरगार्ड चालवा, बाहेरून फक्त यूडीपी ५१८२० फॉरवर्ड करा आणि डीव्हीआरचे सगळे जुने नियम पुसून टाका. फोनच्या वायरगार्ड ॲपमध्ये एंडपॉइंट म्हणून डीडीएनएसचं नाव आणि पोर्ट द्या, अलाउड आयपीमध्ये घरचा पट्टा, म्हणजे १९२.१६८.१०.० स्लॅश २४. फोनचा बाकीचा डेटा मग घरातून फिरून जात नाही.

यातही एक पुन्हा पुन्हा छळणारी गोष्ट आहे. वायरगार्ड नावाचा पत्ता फक्त जोडणी सुरू करताना शोधतो. पुढे घरचा पत्ता बदलला तरी तो जुन्याच पत्त्याकडे पाकिटं पाठवत राहतो, नाव तोवर अगदी बरोबर झालेलं असलं तरी. फोनवर टनेल एकदा बंद करून चालू केलं की काम होतं. दोन घरं किंवा घर आणि ऑफिस कायमचे जोडले असतील तर जिकडून जोडणी सुरू होते तिकडे हे आपोआप करावं लागतं: ओपनडब्ल्यूआरटीत वायरगार्ड वॉचडॉग क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) दर मिनिटाला लावा, साध्या लिनक्सवर वायरगार्डच्याच साधनांसोबत येणारी नाव पुन्हा शोधणारी स्क्रिप्ट. जोडणी होते पण चित्र अर्ध्यात अडकतं, असं असेल तर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) पाहा. पीपीपीओईचा एमटीयू १४९२, त्यात आयपीव्ही६ वरून वायरगार्ड चालवलं तर १४१२ उरतो आणि वायरगार्डचा मूळचा १४२० त्यात मावत नाही. १४१२ करा, मोबाइलवर तरीही अडत असेल तर १२८०.

आणि पत्ता बदलण्याचं मूळ कारणच कमी करायचं तर ओएनटी आणि राउटर दोघांनाही छोटा डीसी यूपीएस लावा. एकालाच लावला तर सेशन तुटणारच. दोन्ही ॲडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा, बहुतेक १२ असतात पण काही ९ चे निघतात, आणि दोघांचे अँपिअर मिळून यूपीएसला झेपतात का ते पाहा.

सगळं लावून झालं की तपासणी खरीखुरी करा. राउटर, ओएनटी आणि डीव्हीआर यांची वीज एकदम बंद करा. यूपीएस लावला असेल तर त्याच्याही पिना काढा. १५ मिनिटं थांबा, म्हणजे कंपनीकडचं जुनं सेशन मिटतं. वीज चालू करून आणखी १५ मिनिटांनी तिन्ही आकडे पुन्हा लिहा, वॅनचा पत्ता आधीपेक्षा बदललाय याची खात्री करा आणि वायफाय बंद ठेवून मोबाइल डेटावरून कॅमेरा उघडा. पत्ता बदललाच नसेल तर ही परीक्षा झालीच नाही, रात्री पुन्हा एकदा करा.